श्यामलाबाईंचे हात

कर्वेनगरातल्या त्या प्राथमिक शाळेत नवा पालक आला की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी त्याच्या कानात सांगायचं, "दुसरीच्या श्यामलाबाईंशी वाद घालू नका हो." आणि तो हमखास घालायचाच. कारण बाई दिसायला अगदी साध्या. ठेंगणी मूर्ती, सुती साडी आणि खांद्याला ही भली मोठी पर्स. त्या पर्समध्ये साबणाची बाटली असायची. नळावर ठेवलेला साबण दुपारपर्यंत गायब होतो, हा बाईंचा नोकरीभरचा अनुभव. त्यामुळे दुसरीचा साबण बाईंबरोबर रिक्षाने यायचा आणि बाईंबरोबरच घरी जायचा.

मोठी सुट्टी झाली की बाई नळापाशी उभ्या राहायच्या. प्रत्येकाच्या तळहातावर साबणाचा थेंब पडायचा आणि मग फेस करत करत सगळ्यांनी बेचा पाढा म्हणायचा, बे एके बेपासून बे दाहे वीसपर्यंत, तोही दोनदा. पाढा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. गंधार नावाचा एक गोड मुलगा रोज "बे साते सोळा" म्हणायचा, त्यामुळे अख्ख्या शाळेत सगळ्यांत स्वच्छ हात त्याचे होते.

त्यानंतर तपासणी. बाई एकेकाचा हात आपल्या हातात घ्यायच्या, वास घ्यायच्या, उलटा करून नखं बघायच्या. "हा हात आहे का बटाटा? माती तशीच आहे. चल, परत." कोणाचं नाक वाहत असेल तर तेही उभ्या उभ्या पुसून द्यायच्या. एकदा गंधारच्या आईने विचारलं, "पण बाई, मी त्याच्या दप्तरात सॅनिटायझर दिलाय ना, मग हे सगळं कशाला?"

"दिलाय तर! काल त्याने त्याचा बाक पुसला. छान निघाला हो बाक."

आता एवढा कडेकोट बंदोबस्त असताना दुसरीचा वर्ग ओस पडावा? पण यंदाच्या थंडीत नेमकं तेच झालं, आणि झालं तेही स्नेहसंमेलनाच्या तोंडावर.

संमेलनात दुसरीचं नाटुकलं होतं. बाईंनी स्वतः लिहिलेलं. भाजीमंडई भरली आहे, प्रत्येक मूल एकेक भाजी झालंय, गिऱ्हाईक येतं आणि भाज्या त्याच्याशी भांडतात. उन्हाळ्यात बाई निवृत्त होणार होत्या, म्हणजे हे त्यांचं शेवटचं संमेलन. वर्गातलं एकूण एक पोर स्टेजवर दिसलं पाहिजे, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि इकडे पालकांच्या ग्रुपवर रोज सकाळी बातम्या यायच्या. भोपळ्याला जुलाब. फ्लॉवरला उलट्या. "बाई, वल्लरीला परत व्हायरल झालंय, आज अ‍ॅबसेंट." वल्लरी म्हणजे टोमॅटो.

मुख्याध्यापक अभिनव सर म्हणजे बाईंचाच जुना विद्यार्थी. चारचौघांत त्या त्याला सर म्हणत, एकटा सापडला की अभिनव. नाटुकल्यातलं गिऱ्हाईकही बाईंनी त्यालाच केलं होतं. त्याने सोमवारी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"बाई, निम्मी मंडई घरी झोपली आहे. शनिवारच्या रंगीत तालमीला सगळ्या भाज्या आल्या नाहीत, तर नाटुकलं काढावं लागेल. त्या वेळात चौथीचं लेझीम बसतंय."

"काढ की," बाई म्हणाल्या. "माझं उन्हाळ्यापर्यंतचं कामसुद्धा लेझीममध्येच बसव."

बोलल्या खऱ्या तोऱ्यात, पण जिना उतरताना त्यांना रडू आवरेना. एवढी वर्षं ज्यासाठी घसा फोडला, त्याचीच जाताजाता अशी फजिती! मग त्यांनी पदर खोचला. एका थेंबाचे दोन थेंब झाले, पाढा तीनदा झाला. मंगळवारी वांगंही घरी बसलं.

आता बाईंची एक लाडकी रीत सांगायला हवी. बाई स्वतःचा डबा आणत नसत. सगळ्यांचे हात तपासून झाले की त्या वर्गात यायच्या आणि बाकाबाकावरून फिरत प्रत्येकाच्या डब्यातला एक घास घ्यायच्या. कोणाच्या पोळीचा तुकडा, कोणाचा चिमूटभर उपमा, कोणाच्या लाडवाचा कोपरा. याला म्हणायचं बाईंचा घास. पोरं त्याची वाट बघत बसायची. घास घेतल्याशिवाय बाई पुढे गेल्या तर भोकाड पसरायची. आया तेवढ्यासाठी पोळी जास्तीची द्यायच्या.

फक्त एक मुलगी डबा द्यायची नाही. राजनंदिनी. तिचे वडील उत्तरेश्वर लातूरकडून आलेले, हिंजवडीच्या एका कंपनीची बस चालवायचे. नाटुकल्यात कारलं व्हायला कोणी तयार नव्हतं, तेव्हा हिनेच हात वर केला होता. पण तीच मुलगी, बाई जवळ आल्या की, डब्यावर झाकण लावून दोन्ही हातांनी दाबून धरायची. बाई वरवर हसून पुढे जायच्या, पण मनाला लागायचं. काय चिकट आहे कार्टी!

बुधवारी वर्गात जेमतेम तीन बाक भरले होते. बाईंचं डोकं आधीच फिरलेलं. त्या राजनंदिनीपाशी आल्या आणि झाकण खाडकन बंद झालं.

"का गं? बाईंना एक घास द्यायला जीव जातो का तुझा?"

राजनंदिनीने डबा पोटाशी ओढला.

"सगळे आजारी पडतात, तू मात्र ठणठणीत. खातेस तरी काय एवढं? बघू दे की मला."

राजनंदिनीने झाकण आणखी घट्ट धरलं आणि म्हणाली, "बाई, तुम्ही हात नाही धुतले."

"मी?" बाई हसल्याच. "अगं, मी सगळ्यांचे..."

आणि तिथेच त्या थांबल्या. सगळ्यांचे. रोज सगळ्यांचे हात धुवून व्हायचे, आणि बाईंचे? त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोटांना खडूची पूड होती. याच हाताने आज आमोदचं नाक पुसलं होतं. याच हाताने एकेकाचे तळवे दाबून पाहिले होते. आणि आता हाच हात सगळ्या डब्यांमधून फिरून आला होता.

"तुम्हीच सांगितलं," राजनंदिनी रडवेली होऊन म्हणाली, "हात धुतल्याशिवाय कोणाला डब्याला हात लावू द्यायचा नाही."

"अगं बाई गं!" श्यामलाबाई मटकन बाकावर बसल्या.

पण बसून राहतील तर त्या श्यामलाबाई कसल्या! उठल्या, पर्समधून बाटली काढली आणि तडक नळावर गेल्या. मागून उरलेला वर्ग तमाशा बघायला. बाईंनी खालमानेने बेचा पाढा दोनदा म्हटला आणि हात पुढे केले. राजनंदिनीने ते धरले, हुंगले, उलटे केले.

"नखांत खडू आहे. परत."

बाई मुकाट्याने परत नळाकडे वळल्या.

त्या दिवसापासून तपासणीच्या रांगेत शेवटचा नंबर बाईंचा लागला. बाईंचा घास बंद झाला नाही, वर्गाने तो होऊच दिला नसता. पण आता मुलंच तो चमच्याने काढून बाईंच्या नव्याकोऱ्या डब्यात ठेवायची. राजनंदिनीनेही पहिल्यांदा झाकण उघडलं. आत भाकरी आणि झणझणीत ठेचा होता. बाईंच्या डोळ्यांना धार लागली ती तास संपेपर्यंत, आणि त्यांनी सगळा दोष ठेच्याला दिला.

शनिवारपर्यंत एकेक भाजी परत आली. दुखणं तसंही सरतच आलं होतं, असं अभिनव सर म्हणतात. बाईंना विचाराल तर त्या नुसतं "बरं" म्हणतील.

संमेलनाच्या दिवशी पडदा वर गेला तेव्हा मंडई गच्च भरली होती. बाई विंगेत संहिता घेऊन उभ्या. गिऱ्हाईक झालेले अभिनव सर पिशवी हलवत आले आणि ठरल्याप्रमाणे त्यांनी टोमॅटोच्या डोक्याला हात घातला. तेवढ्यात कारलं मधे आलं.

"ओ काका! आधी हात धुतलेत का?"

हे काही लिहिलेलं नव्हतं. सर गोंधळले, त्यांनी विंगेकडे पाहिलं. बाईंनी पुढचं वाक्य सांगायला तोंड उघडलं आणि संहिता मिटून टाकली.

"नाही धुतले," सर म्हणाले.

"मग धुवा. पाढा म्हणत."

सरांनी पिशवी खाली ठेवली, हवेतच हात चोळायला सुरुवात केली आणि शहाण्या मुलासारखं म्हटलं, "बे एके बे." मंडई ओरडली, "बे दुणे चार!" मग मागच्या रांगेतून कोणीतरी सूर लावला. बघता बघता सभागृहातले बाप, आया, आज्या हात चोळत पाढा म्हणू लागले. बे साते सोळा एकट्या गंधारने म्हटलं, पण ठणकावून.

विंगेत बाईंनी संहिता काखेत मारली. त्याही हात एकमेकांवर चोळत होत्या, आणि स्टेजवरचं कारलं मधूनच मान वळवून, बाई नीट चोळतायत ना, ते बघत होतं.