एका चिपचं वाद्य आणि सायलीचा हात

मंडळी, आज माझा पोपट झाला, तरी मी जाम खूश आहे.

कॉलेज सोडल्यापासून जुन्या टिफिनच्या डब्यात एका चिपचं वाद्य बनवतोय. त्याच्या दोन तारा बोटांनी धरल्या की सूर निघतो. जिच्यासाठी वर्षभर झुरतोय, त्या सायलीच्या घरी, इंद्रलोक सोसायटीत, आज ते नेलं. "एक तार तू धर, एक मी," म्हटलं. डबा गप्प. माझं डोकं सटकलं, बॅटरीच उपटायला निघालो.

"अरे तापट, करंट तुझ्यातून माझ्यात येणार कुठून?" म्हणत तिने माझा हात धरला. डबा किंचाळला.

आतून काकू ओरडल्या, "मिक्सर कोणी लावला गं?"

"गाणं आहे, आई," म्हणत सायलीने हात आणखी घट्ट धरला. सूर चढला.

आता सांगा, घरी एकट्याने रियाज कसा करू?