सोनिवलीच्या मधल्या खोलीतली हवा

जानेवारीतला दुसरा रविवार. सकाळी सहाला नाशिकहून निघालो. गाडीत मी आणि थोरली बहीण मंदाताई. बदलापूरला, बेलवलीत, मामेभाऊ संदीप येऊन मिळणार होता. सोनिवलीत वाट बघत होते त्याचे वडील, आमचे तात्यामामा. पिशवीत थर्मास, टॉर्च, मामांची औषधं आणि माझी यादी.

पावसाळ्यापासून मामांचा खोकला हटत नव्हता. डॉक्टर म्हणाले, औषध चालू ठेवा, पण झोपतात ती खोलीही बघा. संदीपने तेवढ्यावर निकाल लावला: मातीचं घर बंद, मामा बेलवलीच्या फ्लॅटवर. मामांनी जेवण सोडायची धमकी दिली. मग मी मध्ये पडले, "आधी हवा मोजू, मग ठरवू."

उल्हासनगरला दाल-पकवान खाल्लं आणि बाजारात शिरलो. हवेतली धूळ आणि ओल दाखवणारा, तळहाताएवढा मीटर हवा होता. दुकानदार म्हणाला, "दीदी, घर में एसी लगाया है क्या?"

"नाही हो, मातीचं घर आहे."

"मिट्टी का? अरे साईं, वो तो खुद एसी है!" असं म्हणत त्याने बिल मात्र फाडलंच.

अंबरनाथला ताईच्या हट्टापायी शंकराच्या देवळाशी थांबलो. लहानपणी सोनिवलीला जाताना आई इथे थांबायचीच. आतल्या दगडाला पाठ टेकून ताई म्हणाली, "मामांच्या मधल्या खोलीत असाच गारवा असायचा." मला गारव्याआधी वास आठवला: दिवाळीच्या तोंडावर भिजवलेल्या मातीचा. मामी सगळं लिंपण (मातीचा गिलावा) स्वतः करायची, पण शेवटचा हात भाच्यांचा. भाचीचा हात फिरल्याशिवाय भिंत पुरी होत नाही, हा तिचा नियम. आम्ही कोपरापर्यंत माखायचो आणि रात्री त्याच भिंतीला गाल लावून झोपायचो.

बेलवलीत संदीप गाडीत बसला तोच बोलत. "लाव तुझा मीटर. मातीच ती, धूळ उडणारच."

सोनिवलीत आता चहूकडे नव्या इमारती. रस्ता चुकून एका सोसायटीच्या गेटात शिरलो. वॉचमनने हसत मागे वळवलं. मामा पडवीत उभे होते.

"आल्या गो पोरींनो? यंत्र आनलंस म्हनं. माझा ताप काढतीस का घराचा?"

पडवीत मीटर हिरवा. स्वयंपाकघरात चूल पेटलेली होती, तिथे तो लाल होऊन ओरडायला लागला. "भुकेला हाय," मामा म्हणाले, "भाकर दे त्याला." तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं मात्र आम्हीच खाल्लं.

मग मधली खोली. धूळ थोडीच, पण ओल भरपूर. "बघ," संदीप म्हणाला. पण बाहेरची खोलीही मातीचीच आणि ती कोरडी. हे काही जुळेना. म्हणून चौघांनी कपाट सरकवलं. मागे भिंतीच्या ऑइलपेंटला पुरीसारखे फुगे आले होते. एक फोडला तर आत काळी बुरशी, आणि तो कोंदट वास. रंगाने भिंतीचं तोंड बांधलं होतं. पावसाळ्यात आलेली ओल आतच कुजत होती.

तो रंग मी पाठवला होता, मामांच्या झोपायच्या या खोलीपुरता. मामी गेली त्या वर्षी लिंपण करायला कोणी उरलं नाही, भिंतीची माती कपड्यांना लागायची. मी यादी केली, डबे धाडले, माणूस लावला, काम कायमचं मिटवलं.

"मामा, भिंतीला घाम येतोय हे तुम्हाला दिसत होतं ना? मग बोलला का नाहीत?"

"भाचीनं पाठवलंला. नको कसा म्हनू?"

मी उठून स्वयंपाकघरातून उलथणी घेऊन आले.

मामांना पडवीत बसवलं, तोंडाला रुमाल बांधले आणि उलथण्यांनी रंग खरवडायला घेतला. सगळ्यांत जोरात संदीप. एका कोपऱ्यात रंगाखाली मामीच्या बोटांची वळणं जशीच्या तशी निघाली. संदीपचा हात थांबला. उलथणं खाली ठेवून म्हणाला, "होळीपर्यंत बघू. खोकला नाही थांबला, तर बेलवली."

"होळीला पुरन तूच आन," मामा पडवीतून ओरडले.

ठरलं असं: तोवर मामा बाहेरच्या खोलीत झोपतील. निघण्याआधी ताईने आणि मी अंगणात माती आणि तूस (भाताचं टरफल) भिजत घातलं. मी लगेच हात घालायला गेले तर मामांनी अडवलं, "मुरल्याबगर नाय. आनि भिंत सुकू दे आधी."

नाशिकला पोचल्यावर यादी काढली. मीटर, औषधं, कपाट, खरवडणं, माती भिजवणं: सगळ्यांपुढे खुणा केल्या. नखांत अजून तूस होतं. मग तळाशी एक ओळ लिहिली आणि तिच्यापुढची जागा मोकळी सोडली.

मधली खोली, लिंपण. शेवटचा हात: मी.