फक्कीची गाडी

निसारभाईंच्या शेडमध्ये पत्र्याचा एक डबा आहे. गाडी दुरुस्त करून झाली की एखादा नट नाहीतर बोल्ट उरतोच, तो त्या डब्यात पडतो. कुठल्या गाडीचा ते कुणालाच सांगता येत नाही, पण फेकवतही नाही. आमच्या रविवारच्या बैठकीतले किस्से असेच साठले आहेत. हल्ली मात्र डबा हलवला की एकाच माणसाचे निघतात.

बैठक कोरेगावात, निसारभाईंच्या डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये. मेंबर चार. पत्रा ठोकणारे निसारभाई, शाळेत चित्रकला शिकवणारे विलास सर, ड्रायव्हिंग स्कूल चालवणारा मी, आणि लष्करात चोवीस वर्षं गाड्या चालवून आलेले आप्पा. ओळखीतल्या कुणाची नवी गाडी आली की ती आधी देवळात जायची आणि मग आमच्याकडे. पेढे खायचे आणि गाडीला नावं ठेवायची, हे आमचं काम!

*

आप्पा गाडी बघायचे नाहीत, ऐकायचे. गाडीकडे पाठ करून, डोळे मिटून उभे राहायचे आणि मालकाला एकेक दार लावायला सांगायचे. "लागलं न्हाई नीट. परत लाव." हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एकदा एकजण सेकंडहँड गाडी घेऊन आला. डॉक्टरांनी वापरलेली आहे, साधा ओरखडा नाही, असं कौतुक चाललेलं. आप्पांनी मागचं डावं दार तीनदा लावायला सांगितलं आणि म्हणाले, "गड्या, हे दार ह्या गाडीच्या घरातलं न्हाई. सून म्हणून आलंय." निसारभाईंनी रबर उचकटून बघितलं तर आत दुसऱ्याच रंगाचा पत्रा!

त्या माणसानं पेढ्यांचा पुडा होता तसा बांधला आणि घेऊन गेला. आप्पांच्या कानापायी आमचे किती पेढे बुडाले असतील, त्याची मोजदाद नाही.

*

मागच्या वर्षी विलास सरांनी मोबाईलवर एक व्हिडिओ आणला. परदेशातल्या कुठल्याशा कंपनीनं प्रदर्शनात मांडलेली, कुटुंबासाठीची कन्सेप्ट गाडी. म्हणजे नुसती दाखवायला बनवलेली, विकायला नाही. सहा सीट, सगळ्या गोलाकार, तोंडं एकमेकांकडे. गाडी थांबली की ड्रायव्हरची सीटसुद्धा फिरून मागच्यांकडे तोंड करणार. बाहेरून बघितलं तर पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं ते कळायची सोय नाही.

विलास सर म्हणाले, हे खोडरबर आहे, वापरून वापरून कोपरे झिजलेलं. मी म्हणालो, बाहेर एक आरसा नाही, मी पोरांना शिकवू काय? निसारभाईंना डेंट काढायला आत हात कुठून घालायचा ते समजेना. शिवाय त्यांना एक मूळ शंका होती.

"समोरासमोर बसून माणसं करणार काय? भांडणारच की."

आप्पांनी मोबाईल कानाला लावला होता. व्हिडिओतल्या संगीतामुळे दाराचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून ते वैतागले होते. तो खाली ठेवत ते म्हणाले, "भांडू द्या. समोर तर बसतील."

मग त्यांनी बोटं मोजली. आमी दोघं, दोन पोरं, दोन सुना. नात मांडीवर. बरोबर सहा सीट. आम्ही तिघंही खाली बघायला लागलो.

*

त्याचं कारण सांगायला हवं. आप्पांचा थोरला विकास सांगलीला असतो आणि धाकटा प्रशांत, आप्पांचा परशा, साताऱ्यात. आप्पांकडे लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप होती. दोघं भाऊ तिच्यावरच गाडी शिकले, आप्पांच्या पुढ्यात बसून, एकजण स्टिअरिंग धरणार आणि दुसरा हॉर्न वाजवणार.

चार वर्षांपूर्वी आप्पांना हार्टचा त्रास झाला. डॉक्टरांनी ड्रायव्हिंग बंद सांगितलं. बाप घरी आला की पुन्हा किल्ली उचलणार, ही विकासला भीती. आप्पा दवाखान्यात असतानाच त्यानं जीप भंगारात देऊन टाकली. प्रशांतला ती जीप दारात राहायला हवी होती, बंद का होईना. "मला विचारलं सुदिक न्हाई," एवढंच तो बोलला. ते दोघा भावांमधलं शेवटचं बोलणं.

तेव्हापासून दोघं गावी येतात, पण एकाची गाडी दारातून गेल्याशिवाय दुसऱ्याची येत नाही. दोघांनी केलं ते बापाच्या मायेनंच केलं, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटतं. निसारभाईंनी भंगारवाल्याकडे जाऊन जीपचं स्टिअरिंग तेवढं सोडवून आणलं आणि शेडच्या भिंतीला टांगून ठेवलं. आप्पा त्याच्याखालीच बसायचे.

*

एका सोमवारी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून एसटीनं साताऱ्याला गेले आणि शोरूममध्ये जाऊन त्या गाडीची चौकशी करून आले. तिथल्या मुलीनं बिचारीनं नीट समजावलं म्हणे, काका, ही गाडी इकडे येणार नाही, कुठंच येणार नाही. आप्पा म्हणाले, नाव तर लिहून ठेव. तिनं लिहिलं.

रविवारी येऊन त्यांनी आम्हाला एवढंच सांगितलं, "आपलं नाव एक नंबरला हाय." आम्ही माना डोलावल्या. विलास सरांनी तर रंग कुठला घेणार, असंही विचारलं. खरं बोलायची हिंमत आमच्यापैकी एकाचीही झाली नाही.

*

त्यातूनच पुढचा उद्योग निघाला. गाडीत बसून बघितल्याशिवाय मत द्यायचं नाही, हा बैठकीचा नियम. पण ही गाडी आणायची कुठून? विलास सरांनी मोबाईलवर मापं शोधली, शाळेतून मैदान आखायची फक्की आणली आणि शेडच्या जमिनीवर पूर्ण मापाची गाडी आखली. चाकं, सीट, सगळं. डाव्या बाजूला दारापुरती फट सोडली. निसारभाईंनी आत सहा खुर्च्या मांडल्या आणि जीपचं स्टिअरिंग ड्रायव्हरच्या खुर्चीवर ठेवलं.

आत जायचं ते दारातूनच. रेघ ओलांडायची नाही, असं आप्पांनी सांगून ठेवलं होतं. पुढं पुढं आम्हाला इतकी सवय झाली, की एका गिऱ्हाईकानं रिव्हर्स घेताना चाक रेघेवर आणलं तर निसारभाई पाना टाकून धावले. "आरं, दिसत न्हाई का? गाडी उभी हाय." गिऱ्हाईक रिकाम्या जमिनीकडे बघत राहिलं आणि त्यानं काम दुसरीकडे नेलं!

निसारभाईंना त्याचं काही वाटलं नाही. दर शनिवारी ते पुसट झालेल्या रेघा नव्यानं आखायचे.

*

गणपतीत आप्पांनी दोन्ही मुलांना एकाच रविवारी शेडवर बोलावलं. दुसराही येणार, हे दोघांपैकी कुणालाच सांगितलं नाही. खुर्च्या फडक्यानं पुसल्या. शालनकाकी, म्हणजे आप्पांची मंडळी, त्यांना पण सोबत आणलं होतं.

विकास बायकोला आणि मुलीला घेऊन वेळेवर आला. तासाभरानं प्रशांतची गाडी कोपऱ्यावर दिसली. बाहेर भावाची गाडी उभी दिसताच ती तिथंच थांबली, वळली आणि गेली. विकासनं ते पाहिलं. त्यालाही रेघेच्या आत येऊन बसावंसं वाटलं नाही, मुलीचा क्लास आहे म्हणाला आणि निघून गेला.

आप्पा स्टिअरिंग मांडीवर घेऊन बसून राहिले. शेजारी काकी. बाकीच्या चार खुर्च्या रिकाम्या. मला ते बघवेना, म्हणून मी दारातून आत गेलो आणि एका खुर्चीवर बसायला लागलो.

"तुमी नगा बसू," आप्पा हळूच म्हणाले. "ती परशाची जागा हाय."

*

दिवाळीच्या आधी आप्पा गेले. सकाळी चहा घेताना, बसल्या जागी.

भेटायला गेलो तेव्हा मला राहवलं नाही. मी काकींना म्हणालो, आम्ही त्यांना खोटंच झुलवत ठेवलं, ती गाडी कधीच येणार नव्हती. काकी म्हणाल्या, "आवं, त्यास्नी ठावं व्हतं. तुमाला वाईट वाटंल म्हणून बोलत न्हवते."

*

तेरावं झाल्यावर काकी शेडवर आल्या. जीपचं स्टिअरिंग घरी न्यायचं होतं. सोबत दोन्ही मुलं, पण आपापल्या गाडीतून. निसारभाईंनी रेघा ताज्याच आखलेल्या होत्या.

काकी दारातून आत गेल्या, आपल्या खुर्चीवर बसल्या आणि मुलांना म्हणाल्या, "बसा."

विकास बसला. त्याच्या समोरच्या खुर्चीत प्रशांत. ड्रायव्हरच्या खुर्चीवर नुसतं स्टिअरिंग. आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे होतो, काय करावं कुणालाच सुचत नव्हतं. मग विकास उठला, दारातून बाहेर पडला आणि डोळे पुसत आपल्या गाडीकडे चालायला लागला.

प्रशांतनं मान वर केली. "दादा," तो म्हणाला, "दार उघडं ऱ्हायलं."

विकास जागच्या जागी थांबला. मागं फिरला, त्याच फटीतून आत आला आणि आपल्या खुर्चीवर बसला. मग हात लांब करून त्यानं तिथं नसलेलं दार आत ओढून घेतलं.

काकींनी डोळे मिटले होते.

"लागलं न्हाई नीट," त्या म्हणाल्या. "परत लाव."