गणिताच्या पेपरचा खाडा

असोद्याच्या बेबाबाईला घड्याळ कळत होतं बरं का. कळत नव्हती ती परीक्षा.

तिचा भटू दहावीला होता. नवरा तोताराम ट्रकवरून पडून कंबर धरून बसला, तेव्हा पोरगा आठवीत होता. तेव्हापासून तो पहाटे चारला केळीच्या कटाईवर जायचा. मुकादम झुलालच्या टोळीत खांद्यावर घड वाहायचे, ट्रक भरायचा, आठाला घरी, अकराला शाळेत. वर्गात डोळे आपोआप मिटायचे. मास्तर विचारायचे, "काय रे भटू, घरी उशी नाही का?" पोरं खो खो हसायची. हसतील नाहीतर काय! त्यांच्या खांद्यांना कुठे घट्टे होते? तरी गडी रडतखडत का होईना, दरवर्षी वर चढत आला.

सत्त्याऐंशीचा मार्च. बोर्डाची परीक्षा जळगावला, पेपर अकराचा. भटूनं सुट्टी मागितली तर झुलाल म्हणाला, "पेपर अकराले ना? मंग पहाटे काय करतोस?" आता बोला!

गणिताच्या दिवशी दोन गाड्या भराव्या लागल्या. साडेआठला भटू घरी आला. "माय, नऊले उठवजो," एवढंच म्हणाला आणि गोधडीवर कोसळला.

नऊला बेबाबाई उठवायला वाकली. पोराचा खांदा सुजून लाल झालेला. तिनं हलवलं, तो हूं की चूं करीना. तिचा जीव तुटला. उभा जन्म तिनं मजुरी केली होती. मजुरीत एखादा खाडा पडला तर त्या दिवसाची हजेरी जाते, दुसऱ्या दिवशी काम आहेच. पेपरांचंही तसंच असणार. एवढे पेपर आहेत, एक बुडाला तर बुडाला! निजू दे लेकराला. तिनं दार लोटलं आणि पदरानं माश्या वारत बसली. कित्येक महिन्यांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

भटू जागा झाला तेव्हा ऊन अंगणभर पसरलं होतं.

"माय, किती वाजले?"

"बारा. उद्या जाजो. एक खाडा पडला त काय झालं?"

"परीक्षेत खाडा नसतो, माय. एक गेला का नापास."

आता हा ओरडेल, भांडी आपटेल म्हणून बेबाबाई अंग चोरून बसली. ओरडला असता तर बरं झालं असतं. भटूनं सुजलेला खांदा चोळला.

"मंग अजून जरा निजू दे," म्हणाला, आणि कुशीवर वळून खरंच झोपला.