बायकोने बांधलेली चाळ

निवृत्त झाल्यावर अंबरनाथच्या आमच्या घरातली मागची खोली मी रेल्वेला दिली. जन्मभर कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात रेघा मारल्या होत्या. आता आठ बाय चारच्या प्लायवर खऱ्याहून सत्त्याऐंशी पट लहान रूळ, बोगदा, पूल आणि स्टेशन उभं करायचं होतं. एकट्या स्टेशनाला सात महिने लागले. प्रत्येक खिडकी मोजून कापली. कुठे केसाएवढा फरक नव्हता.

बायको दारातून बघायची. एकदा म्हणाली, "अहो, स्टेशनामागे सगळं मोकळंच ठेवणार? झाडं मी करू का?"

"कर," म्हटलं. मला झाडांचा कंटाळाच होता.

तिने वाळलेल्या घोसाळ्याची जाळी फाडून झाडं केली, चहाचा चोथा वाळवून माती केली. बरं दिसलं. मग मला न विचारता तिने चाळ बांधायला घेतली. ती स्वतः विठ्ठलवाडीच्या चाळीत वाढलेली. गोळ्यांच्या पाकिटाची पन्नी कंगव्यावर दाबून तिने छपराचे पत्रे केले, गेरू चोळून त्यांना गंज चढवला. दोरीवर पतंगाच्या कागदाची साडी आणि टॉवेल. एका पत्र्यावर निळी ताडपत्री, ती उडू नये म्हणून वर चार खडे. एक दार जरासं उघडं. माप मात्र एकाचंही बरोबर नव्हतं. मी पट्टी लावून पाहिलं.

"जिना चुकलाय," मी सांगितलं. "इतक्या उभ्या जिन्यावर माणूस चढेल कसा?"

"आमचा होताच तसा. आई रोज दोन हंडे घेऊन चढायची."

तेव्हापासून माझं बिनसलं. येणारा प्रत्येक जण माझ्या स्टेशनाला "छान" म्हणायचा आणि चाळीपाशी जाऊन वाकायचा. उल्हासनगरचा माझा जुना सिंधी मित्र, जन्म फर्निचरच्या धंद्यात गेलेला, उगाच कुणाचं कौतुक न करणारा. तो चक्क गुडघे टेकून बसला आणि म्हणाला, "अरे यार, इधर तो कोई रहता है!" स्टेशनात कुणी राहत नसतं हे मला कळतं. तरी लागलं.

एका दुपारी ती बदलापूर गावात बहिणीकडे गेली असताना मी चाळ उचलून डोंगराच्या मागे ठेवली. रचना सुटसुटीत हवी, असं स्वतःला सांगितलं. तिने परत आल्यावर पाहिलं आणि चाळ होती तिथे आणून ठेवली.

पुढे जवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये छंदांचं प्रदर्शन भरलं. आम्ही सगळं टेम्पोतून तिथे नेलं. त्या शाळेतल्या एक शिक्षिका बराच वेळ बघत उभ्या होत्या.

"ही चाळ कोणी केली हो?"

बायको दोन पावलांवर वायरींचा गुंता सोडवत होती.

"मीच," मी म्हणालो.

आणि मला बरं वाटलं, हे लपवत नाही. बाई भरभरून बोलल्या. मग विचारलं, "जिना इतका उभा का केलात?"

"आमचा होताच तसा," मी सांगितलं. "आई रोज दोन हंडे घेऊन चढायची."

माझी आई कधी चाळीत राहिली नाही. आमची विहीर परसात होती.

बायकोने वायर खाली ठेवली आणि ती हॉलबाहेर गेली. घरी येताना टेम्पोत एवढंच म्हणाली, "चाळ घेतलीत ती घेतलीत. माझी आई कशाला घेतलीत?"

त्यानंतर दीड महिना तिने त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. मी हट्टाने दुकानांची एक ओळ बांधली. सगळं मापात, आणि सगळं मेलेलं. मोडून टाकली.

एक दिवस त्या शिक्षिकांचा फोन आला. मुलांना अशी घरं करायला शिकवाल का, विचारत होत्या. मी म्हणालो, "बाई, मी खोटं बोललो. चाळ माझ्या बायकोची आहे. फोन तिच्याकडे देतो."

आता दर शनिवारी ती शाळेत जाते. परत आली की बोटांचा रंग घासत तिथल्या गमती सांगते, आणि मी ऐकतो. आनंदाने ऐकतो असं म्हणवत नाही.

सध्या तिने आमच्या जवळचं पालेगाव करायला घेतलंय: नवे टॉवर, मध्ये उरलेलं एक भाताचं शेत. परवा खोलीत येऊन म्हणाली, "टॉवरच्या खिडक्या तुम्ही कापा. मला सरळ जमत नाहीत."

कापल्या. एकही वाकडी नाही. पण त्या टॉवरांकडे कुणी बघेल असं वाटत नाही. पायथ्याशी तिने एक भाजीवाली बसवली आहे, आणि ती जांभई देते आहे.