रफू कुठे आहे?

रफूचे काम जितके उत्तम, तितके ते दिसत नाही. मग जे दिसतच नाही त्याची जाहिरात करायची कशी? रस्त्याकडच्या त्या अरुंद दुकानात हा प्रश्न आजवर कोणाला पडला नव्हता. तो पडला घरच्या थोरल्या सुनेला, आणि तोही कॉलेजात, 'ऑनलाइन व्यवसाय आणि डिजिटल मार्केटिंग'च्या वर्गात.

वर्ग कामधंदा सांभाळून शिकणाऱ्या मोठ्या माणसांचा होता. शिकवणाऱ्या मॅडमनी प्रत्येकाकडून आपापल्या कामाचा फोटो मागवला. केकवालीच्या फोटोला वर्गाने 'अहाहा' केले. नळदुरुस्तीवाल्याच्या चकचकीत तोटीलाही दाद मिळाली. मग पडद्यावर सुनेचा कोट आला आणि वर्ग नुसताच बघत राहिला.

"कोट छान आहे," नळवाला म्हणाला, "पण तुम्ही केलंय काय त्यात?"

"रफू."

"कुठे?"

"तेच तर!"

त्या संध्याकाळपासून तिचे नाव 'अदृश्यबाई' पडले.

घरी मात्र प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. फाटले की टाकून द्यायचे, अशी लोकांची सवय होत चालली होती आणि गिऱ्हाईक रोडावले होते. धाकट्या दिराला दुकानात मोबाइलची कव्हरे विकायची होती. त्यासाठी त्याने लोखंडी मांडणीसुद्धा आणून ठेवली होती. शेवटी घरात असे ठरले की, अभ्यासक्रम संपेपर्यंत तिच्या ऑनलाइन दुकानाला एखाद्या पूर्ण अनोळखी माणसाची ऑर्डर आली तर जागा रफूची, नाहीतर कव्हरांची. वर्गातल्या अंतिम प्रकल्पाची अटही नेमकी हीच होती. ती घरात कोणी आणली याबाबत एकमत नाही. दीर म्हणतो वहिनीने, वहिनी म्हणते दिराने. नवरा म्हणतो, आपण तेव्हा आंघोळीला गेलो होतो.

तिने ऑनलाइन दुकानावर दिराच्याच जुन्या कोटाचे दोन फोटो टाकले, एक भोकासकट आणि एक रफूनंतरचा. जेवणाच्या वेळेपर्यंत आत्या, माम्या, चुलतजावा अशी सगळी फौज फोटोंखाली लिहायला जमली होती. 'वा वहिनी! हातात जादू आहे!' 'आमची सून म्हणजे सोनं!' या गर्दीत एका अनोळखी माणसाने लिहिले, 'सगळं घर कामाला लावलेलं दिसतंय. दुसरा फोटो नव्या कोटाचा आहे.'

तिला ते लागले. मॅडमना मात्र त्या माणसात काही वावगे दिसले नाही. "त्याने तुमच्यावर विश्वास का ठेवावा? दोन फोटोंच्या मधलं त्याने काही पाहिलेलंच नाही. आणि तुमच्या आत्याबाईंना आधी आवरा." मग त्यांनी रंगीत दोऱ्याने उठून दिसणारे काम करून पाहायला सुचवले. तिने एका जुन्या बाहीवर लाल टाके घातले.

सासूबाईंनी चष्मा वर केला. रफू तिला त्यांनीच शिकवले होते. आता त्यांची नजर थकली होती, जीभ नव्हे. "हे काय, बाहीला गोवर आलाय?"

"आई, दिसल्याशिवाय लोक घेत नाहीत."

"जे दिसतं ते रफू नव्हे. आपलं काम झाकायचं आहे, मिरवायचं नाही."

ती बाही उसवता उसवता सुनेच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दिसत नाही हेच तर दाखवायचे होते! लोकांना पाहा म्हणण्याऐवजी शोधा म्हणायचे.

घरात फर्मान निघाले, "कोणीही कौतुक करायचं नाही." आत्या रुसल्या, ते वेगळेच. खिडकीच्या उजेडात, दोऱ्यांच्या डब्यांवर मोबाइल टेकवून, तिने दिराच्या दुसऱ्या कोटाचे काम पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत न तोडता टिपले आणि राखून ठेवले. आधी टाकला तो फक्त तयार कोट, हळूहळू सगळ्या बाजूंनी फिरवलेला. सोबत एवढेच लिहिले, 'याला भोक होतं. कुठे? उत्तर संध्याकाळी.'

अनोळखी माणसे तुटून पडली. कोपर. कॉलर. खिशाखाली, पैज लावतो! तो शंकेखोरही आला, 'उजव्या बाहीची कड. मला फसवता येणार नाही.'

सासूबाईंनी मोबाइल नाकाशी धरला. "खिशाचा कोपरा."

"चूक."

"कोट दे इकडे. बोटांना कळेल."

"इथे बोटं चालत नाहीत, आई. नुसते डोळे."

संध्याकाळी अखंड व्हिडिओ लागला. भोक ऐन छातीवर होते, दुसऱ्या बटणाशेजारी. आतल्या शिवणीतून काढलेला कोटाचाच धागा एकेक करून त्यात विणला जात होता, आणि हात क्षणभरही चौकटीबाहेर जात नव्हते. सासूबाईंनी शेवटपर्यंत पाहिले, पुन्हा पाहिले.

"टाके मी शिकवलेत," त्या म्हणाल्या.

"तुम्हीच."

"मग दुकानावर माझंही नाव टाक."

तेवढ्यात मोबाइल वाजला. शंकेखोराने लिहिले होते, 'तीनदा पाहिलं. हरलो. वडिलांच्या कोटाला कसर लागली आहे, टाकून देववत नाही. पाठवू का?' खाली रीतसर ऑर्डर होती.

दीर मागून वाचत होता. "वहिनी, तुम्ही माझ्या कोटाला भोक पाडून ठेवलं होतं का?"

"तुम्हीच पाडलंत, भावजी. बिडी ओढत नाही म्हणता ना?"

सासूबाईंनी मान वळवली, आणि कव्हरांचा विषय त्या संध्याकाळी पुन्हा निघाला नाही.

अंतिम सादरीकरणात मॅडमनी एकच शंका काढली, "हे गिऱ्हाईक ओळखीचं नाही कशावरून?"

"ओळखीचं असतं तर पहिल्याच दिवशी कौतुक केलं असतं," अदृश्यबाई म्हणाली. पहिली टाळी नळवाल्याची पडली, आणि मग वर्ग थांबेचना.

दुकान आज रफूचेच आहे. दारावर सासू-सुनेची नावे आहेत आणि कव्हरांच्या मांडणीवर गावोगावचे कोट, शाली, स्वेटर. पार्सले दीर बांधतो. नवे कोडे निघाले की सासूबाई सगळ्यांच्या आधी उत्तर देतात. ते अजून एकदाही बरोबर आलेले नाही. मोबाइल खराब आहे, असे त्यांचे ठाम मत आहे.