पाकळी पडेपर्यंत

सकाळच्या चहात बुडवलेला पावाचा उंडा नवऱ्याच्या हातातून पडला. उचलायला तो वाकला, तर उजवा हात हलेना. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळलेला, बोलणं प्यायल्यासारखं. डिचोलीला माहेरी मी वडिलांचं हेच पाहिलं होतं. लगेच इस्पितळात पोचलं तर माणूस वाचतो, आणि वाचतो म्हणजे पुरता वाचतो, हे मला तिथेच कळलं होतं.

पेडण्याजवळच्या आमच्या वाड्यावर तेव्हा गाडी एकच, शेजारी राहणाऱ्या धाकट्या दिराची. तो देवळाच्या समितीवर, म्हणून त्याचा शब्द शेवटचा.

"भावजी, गाडी काढा."

"वयनी, वायच थांब. ह्यो वारो लागलो. आधी देवाचो कौल घेवया. कौलाबगर भायर न्हेलो तर देवाचो कोप आंगार येतला."

मी रुग्णवाहिकेला फोन लावायला गेले, तर त्यानं फोनच काढून घेतला. "बायलमाणसान मधी पडाचा नाय."

देवळात पुजाऱ्यानं मूर्तीला ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर जा, डावी पडली तर नको. त्या दिवशी कुठलीच पडेना. पुरुष हात जोडून उभे, आणि माझा नवरा घरी चटईवर. उजवी पडली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

"गाठ विरघळवायचं इंजेक्शन आता देता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "उशीर झाला."

माझा नवरा भजनाला पेटी वाजवायचा. तो हात गेला, आवाजही गेला. दीर भेटायला आला आणि म्हणाला, "देवाची मर्जी." मी त्याला चहा दिला. तेव्हाच ठरवलं, ह्याला सोडायचं नाही.

मी गाडी चालवायला शिकले. काजूच्या पैशांतून जुनी गाडी घेतली, रक्तदाब मोजायचं यंत्र घेतलं. दिराला भावासारखाच रक्तदाब, आणि गोळ्या चुकवायची खोडही तीच. "डोका दुखणा नाय, मगे गोळी कित्याक?" वर जेवणात खारं, संध्याकाळी काजूची दारू, उर्राक. त्याची पाळी येणार हे मला दिसत होतं.

आली. काजूच्या हंगामात अंगणात तो गड्यावर ओरडत होता, आणि मध्येच त्याचे शब्द लडबडले. मी धावले.

"भावजी, हसा." अर्धंच तोंड हसलं.

"दोन्ही हात वर करा." डावा खाली आला.

माझी जाऊ देवळाच्या वाटेला लागली होती. "खंय चललंस?" मी विचारलं.

"कौलाक."

खरं सांगते, क्षणभर वाटलं, जाऊ दे हिला. बसू दे ह्यालाही पाकळीची वाट बघत. पण लुळ्या माणसावर सूड काय उगवायचा? तो मला धडधाकट हवा होता.

"गाडीत बस," मी तिला म्हटलं. "नाहीतर मी एकटी नेते."

तो वेळेत पोचला. इंजेक्शन मिळालं. आठवडाभरात स्वतःच्या पायांनी घरी आला, दोन्ही हात शाबूत. वाडा बघायला जमला होता. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "भावजी, तुमचे हात चांगले झाले. आता रोज सकाळी येऊन भावाच्या हाताचा व्यायाम तुम्हीच घ्यायचा."

एवढ्या माणसांत तो नाही कसा म्हणणार?

रोज येतो. आधी मी त्याचा रक्तदाब मोजते, गोळी माझ्यासमोर गिळायला लावते. खारं बंद, उर्राक बंद. जाऊ माझ्या बाजूला आहे. मग तो भावासमोर बसतो आणि वळलेली बोटं एकेक करून उघडतो. नवरा नुसता त्याच्याकडे बघतो. मी दारात तांदूळ निवडत बसते, कारण मला ते बघायचं असतं.

परवा दिराचे डोळे भरले. "वयनी, पुरो आता. देवान माका शिक्षा दिली, ती खूप झाली."

"देवान नाय, भावजी. मी दिली," मी म्हटलं. "आंगठा राहिला. तो सरळ करा."